मागे घेतलेले एक विधेयक

आमच्या घरात घुंगरांची एक काठी होती. येसकरपाळी आली की माझे आजोबा ती हाती घेऊन चावडीवर जात. पाळी संपली की काठी पुढच्या घरी जाई. १९५९ साली पाळी कायमची बंद झाली आणि काठी आमच्याच घरी राहिली, कारण त्या दिवशी पाळी आमची होती. पुढे ती चुलीत गेली की कोणी भंगारात दिली, हे आता सांगता येत नाही. त्या पाळीपोटी मिळालेला हाडकी-हाडोळ्याचा तुकडा मात्र अजून सातबाऱ्यावर आहे, आणि त्याच्यापुढे एक शर्त लिहिलेली आहे.

पुष्कळ वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. कार्यकर्ते आणि विद्यार्थी विचारतात, 'सर, महार वतन गेले कधी?' मी उत्तर देतो, १ ऑगस्ट १९५९ रोजी. उत्तर बरोबर आहे, तरी ते अपुरे आहे. वतन रद्द करावे ही मागणी विधिमंडळात विधेयकाच्या रूपाने पहिल्यांदा १९२८ साली आली. मधली एकतीस वर्षे कुठे गेली, आणि १९२८ साली जे मागितले तेच १९५९ साली मिळाले काय, हे दोन प्रश्न कोणी विचारत नाही. आपण कायद्याचा इतिहास वाचतो, विधेयकांचा वाचत नाही. जे मंजूर झाले तेवढेच घडले असे आपण धरून चालतो. नामंजूर झालेल्या किंवा मागे घेतलेल्या विधेयकात एखाद्या समाजाने काय मागितले होते याची नोंद असते, आणि ती नोंद पुढच्या प्रत्येक कायद्याशी ताडून पाहण्यासाठी जपायची असते.

आधी वतन म्हणजे काय होते ते पाहू. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले ही कथा आपल्या म्हाताऱ्यांनी अभिमानाने सांगितली. हक्कांची यादी मोठी होती, पण त्या यादीच्या पाठीमागे कामांची जी यादी होती तिला शेवट नव्हता. चावडी झाडणे, सारा तालुक्याला पोचवणे, सरकारी टपाल नेणे, आलेल्या अंमलदाराची सरबराई करणे, गावची शीव दाखवणे, मेलेले जनावर ओढणे, मयताची खबर परगावी नेणे. मोबदला म्हणून थोडी जमीन, तीही जुडी भरून, रयतेकडून बलुते, आणि दारोदार मागितलेली भाकर. मुंबई सरकारने १८७४ साली वंशपरंपरागत वतनांचा कायदा केला आणि ह्या रूढीला कलमांचा आधार दिला. महार सरकारचा नोकर ठरला, पण त्याचा पगार सरकारने रयतेच्या खळ्यावर टाकला. काम कोणते, किती वेळ आणि कोणी करायचे, याला मर्यादा नव्हती. घरचा कर्ता आजारी पडला तर मुलगा, मुलगा नसेल तर घरची बाई. एका माणसाच्या मोबदल्यात सबंध कुटुंब चोवीस तास बांधलेले.

१९२७ साली 'बहिष्कृत भारता'तून बाबासाहेबांनी वतनाच्या ह्या स्वरूपाची चिकित्सा केली. महाडला पाण्याला हात लावल्याचे परिणाम ताजे होते. महारांनी मान वर केली की गाव पहिली गोष्ट करी ती बलुते बंद करण्याची. माणूसपण मागायचे तर पोटाला चिमटा बसणार, आणि पोट भरायचे तर मान खाली घालावी लागणार. अस्पृश्यता मनात असते असे सांगणाऱ्यांना बाबासाहेबांनी ती चावडीच्या हिशेबात आणि खळ्यावरच्या राशीतही असते हे दाखवून दिले.

मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते सरकारनियुक्त सभासद होते. अस्पृश्यांच्या वतीने त्या सभागृहात ते आणि डॉ. सोळंकी असे दोघेच होते, पाठीशी मतांचे बळ नव्हते. विधेयकाचा गाभा मी तीन गोष्टींत सांगतो. पहिली: ज्या वतनदाराला सेवा नको असेल त्याला त्यातून मोकळे होण्याचा हक्क असावा, त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा आणि ती जमीन रयताव्याने आपल्याकडे ठेवावी. दुसरी: जे सेवेत राहतील त्यांचे बलुते पैशात रूपांतरित करावे, ती पट्टी साऱ्याबरोबर सरकारने वसूल करावी आणि महाराला सरकारच्या हातून द्यावी. तिसरी: कामे कोणती आणि ती कोणी करायची हे कायद्याने ठरवावे.

वाचकांनी पहिल्या कलमावर क्षणभर थांबावे. १८७४ च्या कायद्यातही सेवेतून मोकळीक देण्याची तरतूद होती, पण ती कलेक्टरच्या मर्जीची. त्याच वाटेने कुलकर्ण्यांची वतने मोकळी करून तेथे तलाठी नेमण्याचे धोरण सरकारने आधीच स्वीकारले होते. कुलकर्णी सेवेतून सुटला आणि जमीन त्याच्याकडे राहिली. जे वरच्या वतनदाराला सोय म्हणून मिळाले होते ते खालच्या वतनदाराला हक्क म्हणून मिळावे, एवढेच बाबासाहेबांचे म्हणणे होते. त्यात कोणाची जमीन काढून घ्यायची नव्हती. निवड करण्याचा अधिकार मात्र कलेक्टरकडून काढून महाराकडे द्यायचा होता, आणि अडचण नेमकी तिथेच होती.

ऑगस्ट १९२८ मध्ये विधेयकावर चर्चा झाली. विरोध दोन बाजूंनी होता. सरकारला इतक्या स्वस्त मनुष्यबळाची जागा भरून काढायची तर तिजोरीला हात घालावा लागणार होता. रयतेच्या प्रतिनिधींना बलुत्याची पट्टी नको होती, कारण बलुते देणे न देणे हातात असणे हीच गावाची सत्ता होती. साऱ्याबरोबर वसूल होणारी पट्टी थांबवता येत नाही. विधेयक निवड समितीकडे गेले. तेथून ते ज्या रूपात बाहेर आले ते बाबासाहेबांना पटण्यासारखे नव्हते. १९२९ साली त्यांनी ते मागे घेतले.

इथे आपल्या घरातलीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या लोकांतही ह्या विधेयकाविषयी धास्ती होती. वतन गेले तर जमीन जाईल, बलुते जाईल, गावात उभे राहायला जागा उरणार नाही, अशी भीती पुष्कळांना वाटे. माझे आजोबा शेवटपर्यंत म्हणत, 'पाळी वाईट होती, पण वतन आपलं होतं.' तरुणपणी मला ह्या वाक्याची चीड येई. आता वाटते, ज्या माणसाजवळ दुसरे काहीच नाही तो आपल्या बेडीलाही मालमत्ता समजतो, आणि त्याला दोष देणाऱ्याने आधी दुसरी मालमत्ता दाखवावी. बाबासाहेबांच्या विधेयकाने नेमके तेच केले होते. बेडी तोडा, पण जमीन सोडू नका, असा त्या कलमाचा अर्थ होता.

१९३७ साली परिस्थिती बदलली. स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद निवडून आले, आणि बाबासाहेब आता नियुक्त सभासद म्हणून नव्हे, तर विरोधी बाकावरचे पक्षनेते म्हणून बोलू लागले. त्या वर्षी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी पुन्हा मांडले. त्याच वर्षी सप्टेंबरात कोकणातील खोती नष्ट करणारे विधेयकही त्यांनी आणले. खोताला वाजवी भरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला जमिनीचा कब्जेदार करावे, अशी त्याची मांडणी होती. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यात महार होते आणि कुणबीही होते. दोन्ही विधेयके कायदा झाली नाहीत, कारण बहुमत काँग्रेसकडे होते. उलट सरकारने वतनी जमिनीवरची जुडी वाढवली तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यातील हरेगावला वतनदारांची परिषद घेऊन तिला विरोध करावा लागला. सेवा तीच राहिली आणि वर जुडी वाढली.

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले. ते कोणत्या क्रमाने झाले हे नीट पाहावे. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा, अंमल १९५० पासून. परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा. महार, मांग, रामोशी अशा कनिष्ठ गाववतनांचा कायदा १९५८ चा, अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद १९६२ च्या कायद्याने गेले. ज्या वतनाविरुद्ध सभागृहात १९२८ पासून आवाज उठला होता, त्याची पाळी कुलकर्ण्याच्या वतनानंतर आठ-नऊ वर्षांनी आली. बाबासाहेब ते पाहायला नव्हते.

१९५८ च्या कायद्याने काय केले? सेवा संपवली. हा फार मोठा बदल होता. माझ्या वडिलांनी त्यानंतर चावडी झाडली नाही, आणि मी शाळेत गेलो. ज्यांनी ती पाळी केलेली नाही त्यांनी ह्या कायद्याला कमी लेखू नये. परंतु जमिनीचे काय झाले? कायद्याने वतनी जमीन आधी सरकारजमा केली आणि मग वतनदाराला पुन्हा दिली. पुन्हा मिळण्यासाठी आकाराच्या तीनपट कब्जेहक्काची रक्कम ठराविक मुदतीत भरायची होती, काही जमिनींना ती सहापट होती. मुदतीत रक्कम भरली नाही तर पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसणारा वतनदार तिच्यावर अनधिकृत कब्जेदार ठरे. भरली तरी कलेक्टरच्या परवानगीवाचून आणि नजराणा भरल्यावाचून ती विकता येत नव्हती, भावाभावांत मोजून वाटताही येत नव्हती. 'नवीन व अविभाज्य शर्त' ती हीच. आज सातबाऱ्यावर तिला भोगवटादार वर्ग २ म्हणतात.

तीनपट ही रक्कम कागदावर थोडी दिसते. पण नोटीस वाचणारा घरात नसेल, भाऊबंद मुंबईला गिरणीत असतील आणि तुकड्यावर वीस जणांची नावे असतील, तर थोडी रक्कमही कोणी भरत नाही. माझ्या वडिलांनी ती भरली, कारण त्यांना सही करता येत होती. आमच्या भावकीतल्या एका घराने भरली नाही. त्यांचा तुकडा आता दुसऱ्याच्या ताब्यात आहे.

न्यायाने सांगायचे तर कुलकर्णी वतनाच्या जमिनीलाही अशीच परवानगीची अट होती. आणि अटीच्या बाजूने बोलण्यासारखेही आहे: ती नसती तर सावकाराने आणि शहराजवळच्या दलालाने ह्या जमिनी पहिल्या दहा वर्षांत गिळल्या असत्या. हे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. पण ज्याच्याकडे दुसरी जमीन आहे त्याला ही अट एक गैरसोय असते. ज्याचे सगळे त्या तुकड्यात आहे त्याला तीच अट कर्ज, विहीर आणि वाटणी यांच्या आड येते. शिवाय अट असूनही जमिनी गेल्याच. कुठे साध्या कागदावर, कुठे अधिकारपत्रावर. अट मोडण्याची रीत बलवानाला ठाऊक होती. अट पाळली ती दुबळ्याने. पुढे दुरुस्त्या होऊन काही बंधने सैल झाली, पण परवानगी आणि नजराण्याचा प्रश्न मिटलेला नाही.

१९२८ चे विधेयक आणि १९५८ चा कायदा शेजारी ठेवून वाचले की फरक दिसतो. विधेयकात वतनदार पूर्ण सारा भरून रयत होणार होता, गावातल्या इतर कोणाही रयतेसारखा. कायद्यात त्याने पूर्ण सारा भरला, वर कब्जेहक्काची रक्कम भरली, आणि तरीही तो इतर रयतेसारखा झाला नाही. विधेयकात निवड त्याची होती. कायद्यात निवड पुन्हा कलेक्टरकडे गेली. सेवेची बेडी तुटली, पण मर्जीची राहिली.

म्हणून तरुण मित्रांना सांगणे आहे. वर्ग २ च्या जमिनींविषयी, नजराण्याविषयी, वतनी जमिनींच्या हस्तांतराविषयी विधिमंडळात जेव्हा जेव्हा विधेयक येईल, तेव्हा त्याचे नाव आणि उद्देश वाचून टाळ्या वाजवू नका किंवा निषेधाचा ठरावही करू नका. कलमे मिळवून वाचा आणि तीन गोष्टी विचारा. निर्णय कोणाच्या हाती गेला? पैसा कोण भरणार आणि कोणाला मिळणार? मुदत चुकली तर जमीन कोणाची? अट ठेवावी की काढावी, याविषयी आपल्यात मतभेद होतील, आणि ते व्हावेत. पण तो निर्णय ज्यांच्या नावावर ती जमीन आहे त्यांना गावोगाव विचारून व्हावा.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा आमच्या तुकड्याचा सातबारा नव्याने काढला. त्यावर आता एकवीस नावे आहेत, त्यांत एक माझे. पुतण्याने विचारले, 'काका, ह्या शर्तीचा अर्थ काय?' मी त्याला १९२८ पासून सांगायला सुरुवात केली.