पापणीवरचे जंतू आणि आयोडीनचा थेंब

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पट्टी सुटली, दिसू लागले. घरात आनंदीआनंद झाला. पण क्वचित एखाद्या रुग्णाचा डोळा काही दिवसांतच लाल होतो, ठणकू लागतो आणि नुकतीच आलेली दृष्टी पुन्हा जाते. जीवाणू डोळ्याच्या आत शिरल्याची ही लक्षणे. या रोगाला एन्डोफ्थाल्मायटिस म्हणतात.

१७४७ साली झाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यचिकित्सकाने गढूळ झालेले भिंग डोळ्याबाहेर काढले. त्याआधी ते सुईने आतल्या आत बाजूला सारीत. डोळा उघडला की जंतूंनाही वाट मिळते. पण जंतूंमुळे रोग होतो हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

विसाव्या शतकात पेनिसिलिन आले आणि आता जंतूंची भीती संपली असे वाटले. परंतु ते सर्रास वापरात येण्यापूर्वीच, १९४० मध्ये, एब्राहम आणि चेन यांना जीवाणूंमध्ये पेनिसिलिन निकामी करणारे एन्झाइम सापडले होते. १९५९ मध्ये मेथिसिलिन आले आणि १९६१ मध्ये त्यालाही दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची नोंद झाली.

डोळ्याच्या बाबतीत अडचण आणखी मोठी. आतील पारदर्शक, चिकट काचद्रवात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे शिरेतून दिलेले औषध तेथे पुरेसे पोचत नाही. ते डोळ्यातच टोचावे लागते. ४२० रुग्णांवरील एका अमेरिकन अभ्यासात १९९५ साली असे दिसले, की शिरेतून दिलेल्या प्रतिजैविकांचा जादा फायदा होत नाही.

मग हे जंतू येतात कोठून? १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत १७ पैकी १४ रुग्णांच्या डोळ्यातील जीवाणू त्यांच्याच पापणीवरील, डोळ्याच्या बाह्य आवरणावरील किंवा नाकातील जीवाणूंशी जुळले. म्हणजे चोर बहुधा घरचाच!

त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील एका नेत्ररुग्णालयाचा अनुभव प्रसिद्ध झाला. तेथे शस्त्रक्रियागृहांच्या एका विभागात शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यात पोव्हिडोन-आयोडीनचे ५ टक्के द्रावण घालीत, दुसऱ्यात चांदीचे एक संयुग. नेहमीची प्रतिजैविके दोन्हीकडे चालूच होती. आयोडीनच्या विभागात संसर्गाचे प्रमाण ०.०६ टक्के, तर दुसरीकडे ०.२४ टक्के निघाले.

याचे कारण सोपे आहे. प्रतिजैविक बहुधा जीवाणूच्या एखाद्याच ठरावीक रेणूवर नेम धरते. तो रेणू थोडा बदलला की नेम चुकतो. आयोडीन प्रथिने, मेदाम्ले अशा अनेक रेणूंवर एकाच वेळी हल्ला करते. इतके सारे एकदम बदलणे जीवाणूला जमत नाही.

याचा अर्थ प्रतिजैविके टाकाऊ आहेत असा नव्हे. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात सेफ्युरोक्झिम टोचल्यास संसर्ग सुमारे पाच पटींनी घटतो, असे एका युरोपीय अभ्यासात २००७ साली आढळले. पण प्रतिजैविक थेंब उगीच पुनःपुन्हा घातले, की पापणीवरचे दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, तर डोळ्यात शिरायला तेच टपलेले असतात.

आयोडीनचा शोध १८११ साली कूर्त्वा याला समुद्रशैवालाच्या राखेत लागला. बटाट्याच्या फोडीवर टाकून आपण वर्गात निळा-काळा रंग दाखवतो, ते हेच आयोडीन. (प्रयोगशाळेतील द्रावण डोळ्यात मात्र कधीही घालायचे नाही!) पुढच्या वेळी तो प्रयोग करताना विद्यार्थ्यांना हीही गोष्ट सांगावी, आणि घरातील उरलेले थेंब डॉक्टरांना न विचारता डोळ्यात का घालू नयेत, हे त्यांनाच शोधू द्यावे, असे आम्हांला वाटते.