अद्भुतरम्य पात्राचे डिजिटल चित्रण

'''अद्भुतरम्य पात्राचे डिजिटल चित्रण''' म्हणजे प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीचे वा प्राण्याचे (उदा. चेटकीण, यक्ष, राक्षस, ड्रॅगन) संगणक किंवा टॅबलेटवर रंगविलेले चित्र, तसेच ते तयार करण्याची प्रक्रिया होय. पुस्तकांची मुखपृष्ठे, चित्रकथा, व्हिडिओ गेम, पत्त्यांचे खेळ आणि चित्रपटांची पूर्वतयारी यांसाठी अशी चित्रे काढली जातात. या प्रकारात माध्यम डिजिटल असले तरी कुंचल्याचा प्रत्येक फटकारा चित्रकार स्वतः मारतो. त्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्माण केलेल्या प्रतिमांपासून तो वेगळा मानला जातो.

== पार्श्वभूमी ==

न पाहिलेल्या पात्राला पाहिलेल्या जगाच्या आधारे विश्वसनीय रूप देणे ही चित्रकलेतील जुनी रीत आहे. राजा रविवर्मा यांनी देवदेवता आणि पुराणातील पात्रे रंगविताना मानवी शरीररचना, वस्त्रे व दागिने यांचा वास्तववादी पद्धतीने वापर केला. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविलेल्या त्यांच्या शिळाछाप मुद्रणालयातून ही रूपे घरोघरी पोहोचली.

अमेरिकेत फ्रँक फ्रझेटा यांनी १९६६ पासून 'कोनन' कथामालेसाठी तैलरंगात केलेल्या मुखपृष्ठांचा या शैलीवर मोठा प्रभाव पडला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) आणि 'मॅजिक : द गॅदरिंग' (१९९३) या खेळांमुळे अद्भुतरम्य पात्रांच्या चित्रांना मोठी मागणी निर्माण झाली.

संगणकावर रंगविण्याचे आरंभीचे प्रयोग रिचर्ड शूप यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात केले. त्यांची 'सुपरपेंट' ही प्रणाली १९७३ मध्ये कार्यान्वित झाली. 'फोटोशॉप' १९९० मध्ये बाजारात आले आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात लेअरची सोय झाली. खऱ्या रंगसाहित्याचा आभास देणारे 'पेंटर' १९९१ मध्ये उपलब्ध झाले. या माध्यमाच्या आद्य प्रवर्तकांत क्रेग मलिन्स यांची गणना होते.

== साधने ==

मुख्य साधन म्हणजे दाब ओळखणारी लेखणी. हाताच्या दाबानुसार रेषेची जाडी किंवा रंगाची घनता बदलते. साध्या टॅबलेटवर काढताना नजर समोरच्या पडद्यावर असते, तर पडदा असलेल्या टॅबलेटवर थेट चित्रावरच काम करता येते. आयपॅडसाठीचे 'प्रोक्रिएट' (२०११) आणि मोफत, मुक्त स्रोत असलेले 'क्रिटा' ही प्रचलित सॉफ्टवेअर आहेत.

लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे थर. पात्र, पार्श्वभूमी, सावली वेगवेगळ्या थरांवर ठेवल्यास एकाला धक्का न लावता दुसरे बदलता येते. 'मल्टिप्लाय' या प्रकारात वरच्या थराचा रंग खालच्या रंगाशी गुणला जाऊन चित्र गडद होते, म्हणून तो सावलीसाठी वापरतात.

छपाईसाठीच्या चित्राचा आकार आरंभीच ठरवावा लागतो. ए४ कागदावर प्रति इंच ३०० पिक्सेल हवे असल्यास चित्र २४८० × ३५०८ पिक्सेलचे असावे लागते. लहान चित्र नंतर मोठे केल्यास नवा तपशील निर्माण होत नाही, कडा मात्र धूसर होतात. पडद्यावरील तेजस्वी हिरवे व निळे रंग छापील शाईत फिके पडतात.

== प्रक्रिया ==

=== संदर्भ व शरीररचना ===

पात्राचे वय, काम, राहण्याची जागा आणि हवामान ठरविल्यावर संदर्भचित्रे गोळा केली जातात. 'डायनोटोपिया'चे चित्रकार जेम्स गर्नी यांनी 'इमॅजिनेटिव्ह रिॲलिझम' (२००९) या पुस्तकात काल्पनिक विषयासाठीही प्रत्यक्ष निरीक्षण, माणसांची रेखाटने आणि लहान मातीच्या प्रतिकृती यांचा उपयोग दाखविला आहे. प्रतिकृतीवर दिवा टाकून सावली कोठे पडते हे पाहता येते.

पंख असलेल्या पात्राच्या बाबतीत हे विशेष जाणवते. वटवाघळाच्या पंखाचा पडदा लांब झालेल्या बोटांवर ताणलेला असतो, म्हणून ड्रॅगनच्या पंखासाठी तो आदर्श घेतला जातो. पक्ष्याच्या उड्डाणाचे मोठे स्नायू छातीच्या हाडाच्या उभ्या कण्याला जोडलेले असतात. दोन हात, दोन पाय आणि दोन पंख अशी सहा अवयवांची रचना कोणत्याही पृष्ठवंशी प्राण्यात आढळत नाही. म्हणून पंख पाठीवर नुसते चिकटविल्यासारखे दिसू नयेत यासाठी खांद्यामागे दुसरा सांधा आणि स्नायूंचा उठाव कल्पावा लागतो.

=== छायाकृती ===

त्यानंतर काही सेंटिमीटर आकाराची अनेक लघुरेखाटने केली जातात. पात्र सपाट काळ्या रंगात भरून त्याची बाह्याकृती तपासली जाते. शस्त्र, शिंगे, झगा यांवरून पात्र छायाकृतीतही ओळखू येत असेल तर रचना सक्षम समजली जाते. हात शरीरावर आडवा आल्यास तो छायाकृतीत हरवतो. अशा वेळी तपशील वाढविण्यापेक्षा उभे राहण्याची ढब बदलणे उपयुक्त ठरते.

=== उजेड आणि रंग ===

उजळ-गडद छटांची मांडणी चित्राचा आधार असते. साधारणपणे चेहऱ्याभोवती छटांचा विरोध सर्वाधिक ठेवून इतरत्र तो कमी केला जातो. काही चित्रकार आधी करड्या छटांत पूर्ण चित्र करून त्यावर रंगाचे थर देतात. ही पद्धत सोपी असली तरी तिच्यात उजेड व सावलीतील उष्ण-शीत रंगांचा फरक निसटून चित्र निर्जीव होण्याचा धोका असतो. थेट रंगात काम करणारे चित्रकार अधूनमधून चित्र करडे करून छटा तपासतात.

सावलीसाठी केवळ काळा रंग मिसळल्यास रंग मळकट होतात. उघड्यावरील सावलीत आकाशाचा निळा प्रकाश मिसळलेला असतो. मागून उजेड आल्यास कानाची पाळी लालसर दिसते, कारण प्रकाश त्वचेत शिरून विखुरतो. हिरव्या किंवा निळ्या कातडीच्या पात्राला असा परिणाम दिल्यास ते प्लास्टिकचे न वाटता सजीव वाटते.

=== अंतिम काम ===

कापड, धातू, केस यांचा पोत शेवटी येतो. संपूर्ण चित्रावर सारखाच तपशील दिल्यास नजर कोठेही स्थिरावत नाही. चित्र आडवे उलटवून पाहिल्यास डोळ्यांची पातळी व तोल यांतील चुका लक्षात येतात.

== उदाहरण : पेपर अँड कॅरट ==

फ्रेंच चित्रकार डेव्हिड रेवॉय यांनी 'सिंटेल' (२०१०) या ॲनिमेशन लघुपटाची संकल्पनाचित्रे केली होती. २०१४ पासून त्यांनी 'पेपर अँड कॅरट' ही चित्रकथा क्रिटामध्ये काढली. पेपर नावाची लहान चेटकीण आणि कॅरट हे तिचे मांजर ही तिची मुख्य पात्रे आहेत. मुक्त परवान्यामुळे श्रेय देऊन चित्रे वापरता येतात. मूळ फायलीही उपलब्ध असल्याने विद्यार्थ्यांना त्यांतील थर उघडून कामाचा क्रम अभ्यासता येतो.

== हक्क आणि वाद ==

भारतात १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार चित्र ही 'कलाकृती' असून हक्क चित्रकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. मोबदला देऊन कोणी चित्र काढून घेतल्यास, विरुद्ध करार नसेल तर, पहिला हक्क काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून व्यावसायिक चित्रकारासाठी लेखी करार महत्त्वाचा ठरतो. मात्र कलम ५७ नुसार कर्तृत्वाचे श्रेय मागण्याचा अधिकार चित्रकाराकडे राहतो.

२०२२ पासून प्रतिमानिर्मिती करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालींमुळे या क्षेत्रात तीव्र वाद सुरू झाला. अद्भुतरम्य दृश्यांसाठी प्रसिद्ध असलेले पोलंडचे ग्रेग रुटकोव्स्की यांचे नाव त्यांच्या शैलीची नक्कल करण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. जानेवारी २०२३ मध्ये सारा अँडरसन, केली मॅककर्नन आणि कार्ला ऑर्टिझ यांनी परवानगीविना चित्रे वापरल्याच्या आरोपावरून स्टॅबिलिटी एआय, मिडजर्नी आणि डेव्हियंटआर्ट या कंपन्यांविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल केला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने प्रताधिकारभंगाचे दावे पुढे चालविण्यास अनुमती दिली. दरम्यान, फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकी प्रताधिकार कार्यालयाने 'झारिया ऑफ द डॉन' या चित्रकथेतील मजकुराला व मांडणीला संरक्षण दिले, परंतु यंत्रनिर्मित प्रतिमांना ते नाकारले. मानवी हाताने केलेल्या चित्रात कर्तृत्व सिद्ध करण्यासाठी लघुरेखाटने व थरांसह जतन केलेल्या फायली पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतात.

== हे सुद्धा पहा ==

* संकल्पनाचित्र
* चित्रकथा
* राजा रविवर्मा
* क्रिटा
* प्रताधिकार