राणी केतेवनचा हात : जुन्या गोव्यांतील एका भग्न मंदिराची हकीकत

थोर आत्म्यांच्या देहाचा अथवा वस्तूंचा आदर करणें हा मनुष्यमात्राचा स्वभाव आहे, हें नांदेडच्या रहिवाशांस कोणीं शिकवावयास नको. गोदावरीच्या तीरीं तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथें, जेथें १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं देह ठेविला, त्यांचीं शस्त्रें आजही भक्तिभावानें जतन केलीं जातात, आणि त्यांच्या दर्शनासाठीं दूर पंजाबांतून यात्रेकरूंचे थवे येतात. पैठणास नाथांची समाधि आहे, आणि षष्ठीच्या यात्रेस सारा मराठवाडा तिकडे लोटतो. मग ख्रिस्तसभेनें आपल्या रक्तसाक्ष्यांच्या अस्थि वेदीखालीं जपून ठेवाव्या, यांत परकें असें काय आहे?

आपल्या धर्मप्रांतांतील पुष्कळ भाविक गोव्याची यात्रा करून आलेले आहेत. पण त्यांस काय पाहिलें म्हणून विचारावें, तर बहुधा एकच उत्तर येतें : बों जेझूच्या मंदिरांतील संत फ्रान्सिस झेवियर यांची शवपेटी. त्या मंदिरापासून थोड्याच अंतरावर, ‘मोंती सांतु’ म्हणजे पवित्र टेकडी म्हणून प्रसिद्ध असलेल्या उंचवट्यावर, एक उंच पडका मनोरा आकाशांत एकाकी उभा आहे. बहुतेक यात्रेकरू त्याकडे खालूनच दृष्टिक्षेप टाकून परततात. त्या मनोऱ्याच्या पायथ्याशीं जी हकीकत चार शतकें दडून राहिली होती, ती या महोत्सवाच्या निमित्तानें वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

संत ऑगस्टीनच्या संघाचे धर्मबंधु १५७२ सालीं गोव्यास आले. १५९७ ते १६०२ या वर्षांत त्यांनीं कृपेच्या मातेच्या नांवानें हें भव्य मंदिर उभारिलें. जांभ्या दगडाचा त्याचा मनोरा सुमारें ४६ मीटर उंच होता. मंदिरास लागूनच संघाचा मठ होता, आणि इराण व अरबस्तान या दिशांस जाणारे धर्मबंधु येथूनच निघत असत.

आतां वाचकांनीं क्षणभर गोवा सोडून काळ्या समुद्राच्या पूर्वेकडील जॉर्जिया देशाकडे दृष्टि वळवावी. काकेशस पर्वताच्या कुशींतील या चिमुकल्या देशानें चौथ्या शतकांतच ख्रिस्ती धर्म स्वीकारिला होता. त्याच्या पूर्वभागीं काखेती नांवाचें राज्य होतें. तेथील राजा डेव्हिड याची पत्नी ती केतेवन. पति अल्पावधींतच निवर्तला. १६०५ सालीं दीर कॉन्स्टंटाइन यानें, जो इराणांत वाढून मुसलमान झाला होता, प्रत्यक्ष आपल्या पित्याचा वध करून गादी बळकाविली. तेव्हां या विधवेनें सरदारांस एकत्र केलें, त्याचा पराभव केला, आणि आपला पुत्र तैमुराज यास सिंहासनावर बसविलें.

पण शेजारीं इराणचा बलाढ्य बादशहा शहा अब्बास होता. त्याचें आक्रमण टळावें म्हणून केतेवन स्वतः त्याच्या दरबारीं गेली, ती ओलीस म्हणूनच राहिली. तिचे दोन नातूही त्याच्या हातीं पडले आणि त्यांची अत्यंत क्रूर विटंबना झाली. सुमारें दहा वर्षें राणी शिराज येथें बंदिवासांत होती. अखेरीस १६२४ सालीं, ख्रिस्ताचा त्याग करून इस्लाम स्वीकार, अशी तिला आज्ञा झाली. तिनें ती मानिली नाहीं. तापवून लाल केलेल्या सांडशींनीं तिच्या देहाचा छळ करण्यांत आला, आणि त्या यातनांतच त्या सप्टेंबर महिन्यांत तिनें प्राण सोडिला. जॉर्जियन ख्रिस्तसभेनें तिला संतपदीं बसविलें असून तेथें १३ सप्टेंबर हा तिचा स्मृतिदिन पाळिला जातो. पुत्र तैमुराज हा कवि होता. मातेच्या मरणावर त्यानें स्वतः काव्य रचिलें.

त्या वेळीं शिराज येथें गोव्याकडून गेलेले ऑगस्टीनी धर्मबंधु वास्तव्य करून होते. त्यांनीं गुप्तपणें राणीचा देह उकरून काढिला आणि आपल्यापाशीं जपून ठेविला. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. राणी जॉर्जियाच्या प्राचीन पौर्वात्य ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेची होती, रोमच्या आज्ञेंतील नव्हती. तरीही या रोमी धर्मबंधूंनीं तिला रक्तसाक्षी म्हणून मान दिला. या अवशेषांच्या आधारें जॉर्जियांत आपल्या कार्यास दार उघडेल, अशी आशाही त्यांच्या मनांत होती, हें लपविण्याचें कारण नाहीं. १६२८ सालीं त्यांनीं देहाचा एक भाग राजा तैमुराजाच्या हातीं दिला, आणि त्यानें त्यांस गोरी या गांवीं राहूं दिलें. मातेच्या त्या अस्थि अलावेर्दीच्या महामंदिरांत ठेवण्यांत आल्या. हाताचा भाग मात्र त्याआधींच, १६२७ सालीं, समुद्रमार्गें गोव्यास पोंचला होता.

पवित्र टेकडीवरील मठांत एक सभामंदिर होतें. त्याच्या दुसऱ्या खिडकींत, पत्रपाठाच्या बाजूस, म्हणजे वेदीकडे तोंड करून उभें राहिल्यास उजव्या हातास, काळ्या दगडाच्या एका पेटीत तो हात ठेवण्यांत आला, अशी नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत राहिली. नोंद केवळ एवढीच. पण पुढें याच एका ओळीवर सर्व कांहीं अवलंबून राहावयाचें होतें.

कारण मंदिराचे दिवस फिरले. १८३५ सालीं पोर्तुगीज सरकारनें गोव्यांतील धर्मसंघ बरखास्त केले, मठ ओस पडला, आणि १८४२ सालीं मंदिराची कमान कोसळली. प्रचंड घंटा आग्वादच्या दीपगृहांत नेण्यांत आली, व तेथून १८७१ सालीं पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या मंदिरांत गेली. ती आजही तेथें वाजते. १९३१ सालीं मनोऱ्याचा अर्धा भाग दर्शनी भिंतीसह खालीं आला, आणि १९३८ सालीं आणखी पडझड झाली. सभामंदिर, खिडकी, पेटी, सर्व जांभ्याच्या राशीखालीं गडप झालें.

ढिगाऱ्याखालीं काय जातें, हें लातूरकरांस निराळें सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें गेलीं. त्यांच्यासह देव्हारे, वाडवडिलांच्या तसबिरी आणि घरोघरचे जपून ठेविलेले कागदही मातींत मिळाले. मागें राहिलेल्यांस पुष्कळ ठिकाणीं आपलें घर नक्की कोठें होतें, हेंही सांगणें कठीण झालें. गोव्याच्या त्या टेकडीवर नेमका हाच प्रश्न उभा होता : पत्रपाठाच्या बाजूची दुसरी खिडकी खरी, पण सभामंदिर कोठें?

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जॉर्जियाच्या लोकांनीं आपल्या राणीचा शोध चालविला. १९८६ सालीं जुन्या गोव्यांतील मंदिरें व मठ यांची जागतिक वारशांत गणना झाली होती, त्यांत हें भग्न मंदिरही होतें. १९८९ पासून भारतीय पुरातत्त्व खात्यानें येथें खोदकाम हातीं घेतलें. दगडांचे ढीग उपसून एकेक भिंत, एकेक वेदी, एकेक थडगें उघडें करण्यांत आलें. अखेर २००४ सालीं हाताचें एक लांब हाड सांपडलें.

पण गोव्याच्या मठांत गाडिलेलीं हाडें काय थोडीं? हें राणीचेंच कशावरून? येथें साहाय्यास आलें तें आपल्या परिचयाचें हैदराबाद. १९४८ पर्यंत मराठवाडा ज्या संस्थानांत होता, त्याची ही राजधानी. तेथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रांत या हाडाची परीक्षा झाली. मातेकडून अपत्यास वारशानें मिळणारें जें आनुवंशिक द्रव्य, तें हाडांतून वेगळें काढून वाचण्यांत आलें. तें ‘यू १ बी’ या गटाचें निघालें. हा गट हिंदुस्थानांतील तपासलेल्या हजारों लोकांत आढळत नाहीं, पण जॉर्जिया व त्याच्या आसपासच्या प्रदेशांत आढळतो. त्याच ठिकाणीं मिळालेले दुसरे दोन अवशेष मात्र हिंदुस्थानांत सर्वत्र आढळणाऱ्या वंशगटांचे ठरले. कागदाची साक्ष, जागेची साक्ष आणि हाडाची साक्ष अशा तिन्ही जुळल्यावर, हें हाड राणी केतेवनचेंच असावें, असा निर्णय शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केला. ‘असावें’ हा त्यांचा शब्द आहे, आणि सत्याची चाड असणाऱ्या भाविकानें तो तसाच ठेवावा.

येथें धर्मशिक्षणाच्या दृष्टीनें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. शास्त्रानें हाडाचा वंश सांगितला, पावित्र्य सांगणें ही त्याची कामगिरी नव्हे. ख्रिस्तसभाही अवशेषांची आराधना करीत नाहीं. आराधना एका परमेश्वराचीच. ज्या देहांत पवित्र आत्म्यानें वास केला आणि जो पुनरुत्थानाच्या दिवशीं उठणार आहे, त्याचा आदर करावा, एवढेंच ट्रेंटच्या महासभेनें १५६३ सालीं स्पष्ट केलें. पवित्र अवशेषांचा विक्रय तर ख्रिस्तसभेच्या कायद्यानें सर्वथा वर्ज्य आहे. ते देतां येतात, विकतां येत नाहींत.

आणि देण्याचा प्रसंग आला. २०१७ सालीं हे अवशेष दर्शनार्थ जॉर्जियास नेण्यांत आले व सुमारें वर्षभर तेथें राहिले. लोकांची भक्ति पाहून तेथील सरकारनें ते कायमचे मागितले. १० जुलै २०२१ रोजीं हिंदुस्थानच्या परराष्ट्रमंत्र्यांनीं तिब्लिसी नगरांत अवशेषांचा एक भाग भेट म्हणून अर्पण केला. सुमारें चारशें वर्षें परदेशीं राहिलेली राणी स्वदेशीं परतली. कोणी म्हणेल, गोव्याचें तेवढें वैभव कमी झालें. पण गोव्यास हा देण्याचा धडा नवा नाहीं. संत फ्रान्सिस झेवियर यांचा उजवा हात, ज्यानें त्यांनीं असंख्यांस बाप्तिस्मा दिला, तो १६१४ सालीं याच नगरींतून रोमास गेला. एक हात येथून गेला, दुसरा येथें आला आणि घरीं परतला. पौर्वात्य व पाश्चात्य ख्रिस्तसभा जेव्हां एकमेकींपासून दुरावलेल्या होत्या, तेव्हां पाश्चात्य धर्मबंधूंनीं पौर्वात्य राणीचे अवशेष सांभाळिले, आणि बहुधर्मी हिंदुस्थानानें ते तिच्या लोकांस दिले, हें स्मरणांत ठेवण्यासारखें आहे.

ज्यांस हें स्थळ पाहण्याची इच्छा असेल, त्यांनीं कोंकण रेल्वेनें करमळी स्थानकावर उतरावें. तेथून जुनें गोवें जवळच आहे. बों जेझूचें दर्शन घेऊन पवित्र टेकडी चढावी. छप्पर नसलेल्या त्या मंदिरांत भुईवर कोरीव थडग्यांचे दगड आहेत, भिंतींवर जुन्या रंगीत कौलांचे तुकडे अद्याप चिकटून आहेत. तेथें घटकाभर स्तब्ध उभें राहून, दूरदेशीं श्रद्धेसाठीं मेलेल्या त्या विधवेचें स्मरण करावें, आणि आज श्रद्धेपायीं छळ सोसणाऱ्या सर्वांसाठीं प्रार्थना करावी.

आतां शेवटचा बोध आपल्या घरचा आहे. आपला औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ सालीं स्थापन झाला. आपल्यापाशीं संतांच्या अस्थि नाहींत, प्राचीन मनोरे नाहींत. पण बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आहेत, विवाहाच्या नोंदी आहेत, आणि पहिली प्रार्थना कोणाच्या ओसरीवर झाली हें सांगणारीं वृद्ध माणसें अद्याप हयात आहेत. एका अनाम लेखकानें ‘दुसरी खिडकी’ एवढे दोन शब्द लिहून ठेविले नसते, तर ती राणी त्या टेकडीवर निनांवीच राहिली असती. या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें आपल्या आजोबा-आजींची हकीकत तिथिवारासह लिहून काढावी आणि धर्मग्रामाच्या दप्तरीं जमा करावी. वृद्धांस विचारावयाचें तें याच वर्षीं विचारावें, कारण वाट पाहण्यास त्यांच्यापाशीं वेळ नाहीं.