होंडा सीबी ७५० आणि कावासाकी झेड १

जुन्या जपानी मोटारसायकली जमवणाऱ्यांमध्ये ज्यांची सतत तुलना होते अशा दोन चार-सिलिंडर गाड्या. सीबी ७५० ऑक्टोबर १९६८ च्या टोकियो मोटार प्रदर्शनात प्रथम दिसली आणि १९६९ मध्ये विक्रीस आली. ७३६ घ. सेंमी. क्षमतेचे, एका ओव्हरहेड कॅमशाफ्टचे, ६७ अश्वशक्तीचे इंजिन, बटणाने चालू होण्याची सोय आणि पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, हे सारे एका गाडीत आणि तेही अमेरिकेत १,४९५ डॉलरना मिळू लागल्यावर ब्रिटिश कंपन्यांच्या मोठ्या गाड्या एकाएकी जुन्या वाटू लागल्या.

कावासाकीचे अभियंते त्याच सुमारास स्वतःच्या ७५० घ. सेंमी. गाडीवर काम करत होते. होंडा पुढे गेल्याने त्यांनी तो आराखडा बाजूला ठेवला. ‘न्यू यॉर्क स्टेक’ या सांकेतिक नावाखाली काम चालू राहिले आणि १९७२ मध्ये ९०३ घ. सेंमी., दोन कॅमशाफ्ट व ८२ अश्वशक्ती असलेली झेड १ बाहेर पडली. खास जपानी बाजारासाठी १९७३ मध्ये ७४६ घ. सेंमी.ची झेड २ निघाली.

संग्राहकाच्या दृष्टीने होंडाचे मोल क्रँककेसमध्ये आहे. मागणी किती येईल याचा अंदाज नसल्याने सुरुवातीच्या ७,४१४ गाड्यांचे क्रँककेस कमी खर्चाच्या साच्यांतून ओतले गेले. त्यांचा पृष्ठभाग खरबरीत असतो. या गाड्यांना ‘सँडकास्ट’ म्हणतात, पण साचे वाळूचे नव्हते. २०१८ मध्ये ब्रिटनमधील एका लिलावात उत्पादनपूर्व नमुन्यांपैकी एक गाडी १,६१,००० पौंडांना गेली. सुरुवातीच्या गाड्यांची चेन तुटून क्रँककेस फोडत असे. त्यामुळे पुढच्या चेन-चक्रामागची बाजू बारकाईने पाहावी. तेथे वेल्डिंग दिसले तर भाव उतरलाच पाहिजे.

झेड १ मध्ये पहिल्या वर्षाच्या गाडीला मान आहे: काळे रंगवलेले इंजिन, तपकिरी-नारिंगी किंवा हिरव्या-पिवळ्या रंगाची टाकी. १९७४ च्या झेड १ए पासून इंजिन रंगाविना, अ‍ॅल्युमिनियमच्या मूळ रूपात येऊ लागले. पण नंतरचे इंजिनही काळे रंगवता येते, म्हणून केवळ काळा रंग पाहून गाडी पहिल्या वर्षाची मानू नये. चेसिस आणि इंजिन क्रमांकांची मालिका तपासावी. दोन्ही गाड्यांत हे क्रमांक कारखान्यातूनच एकमेकांशी जुळत नसत, ते जवळपासचे असत. तंतोतंत जुळणारे क्रमांक मागणारा ग्राहक उगाचच चांगली गाडी सोडतो.

चालवण्यासाठी झेड १ सरस, हे मान्य करावे लागते. तिचा क्रँकशाफ्ट रोलर बेअरिंगवर फिरतो आणि इंजिन अतिशय दणकट आहे. पुढे शर्यतींसाठी इंजिन तयार करणाऱ्यांनी तेच उचलले. होंडाचे इंजिन सौम्य आहे. तिच्या व्हॉल्व्हचे अंतर साध्या स्क्रूने बसवता येते. झेड १ ला त्यासाठी योग्य जाडीच्या चकत्या बदलाव्या लागतात. दोन्हींचे चार-चार मूळ सायलेन्सर आतून गंजतात. एखादी गाडी बाकी सुरेख असली, पण सायलेन्सर बदललेले असले, तर मूळ संच शोधण्याचा खर्च आधी धरावा.

ज्याला एकच गाडी घ्यायची आहे आणि ती रस्त्यावर काढायची आहे, त्याने झेड १ घ्यावी. इतिहास जपायचा असेल, तर सुरुवातीची, कमी हात लागलेली सीबी ७५०.