अकरा ओळी, एक ठोका आणि अर्धा सेकंद : मुक्तस्रोत साधनांचा इतिहास वेब डेव्हलपरला काय शिकवतो?

१/ २२ मार्च २०१६. जगभरातील असंख्य वेब डेव्हलपरांचे काम एकाएकी अडले. संगणक सांगत होता, 'लेफ्ट-पॅड' नावाचे पॅकेज सापडत नाही. यांपैकी बहुतेकांनी ते नाव आयुष्यात प्रथमच वाचले होते. ज्याचे नावही ठाऊक नाही, त्याच्यावाचून आपले काम का अडावे? आजचा थ्रेड या प्रश्नाच्या मागे जाणारा आहे. शेवटी रोजच्या कामाला उपयोगी पडतील अशा काही सवयीही हाती लागतील.

२/ थोडी पार्श्वभूमी. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये त्याचा सामान्य सार्वजनिक परवाना प्रसिद्ध झाला. आज्ञावली वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क त्याने वापरणाऱ्याच्या हाती दिला. ३० एप्रिल १९९३ रोजी 'सर्न' या संशोधनसंस्थेने वर्ल्ड वाइड वेबची आपली आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. 'ओपन सोर्स' ही संज्ञा रूढ झाली ती १९९८ मध्ये. म्हणजे वेबचा पाया नावाआधीच मुक्त झाला होता.

३/ या पायावरची पहिली मोठी इमारत म्हणजे अपाची सर्व्हर. अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेचा सर्व्हर तेव्हा लोकप्रिय होता; पण त्याचे मुख्य कर्ते रॉब मॅककूल १९९४ मध्ये संस्था सोडून गेले आणि काम थंडावले. संकेतस्थळे चालवणारे लोक आपापल्या दुरुस्त्या आपापल्या घरी करीत राहिले. १९९५ मध्ये काहींनी त्या ईमेलद्वारे एकत्र केल्या, आणि एप्रिलमध्ये अपाचीची पहिली सार्वजनिक आवृत्ती निघाली. वर्षभरात तो जगात सर्वाधिक वापरला जाणारा सर्व्हर झाला.

४/ यातली पहिली सवय : दुरुस्ती स्वतःजवळ दडवू नका. एखाद्या साधनातील दोष आपण आपल्या प्रतीत दुरुस्त केला, तर प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागते. मूळ प्रकल्पाकडे ती पाठवली आणि स्वीकारली गेली, तर तिची देखभाल सर्वांची होते. पाठवताना दोष पुन्हा घडवून दाखवणारे लहानात लहान उदाहरण जोडावे. 'चालत नाही' एवढ्या दोन शब्दांवरून कोणीही निदान करू शकत नाही.

५/ आता लेफ्ट-पॅडकडे. हे पॅकेज अवघ्या अकरा ओळींचे. काम एकच : एखादा मजकूर ठरलेल्या लांबीचा होईपर्यंत त्याच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्ये भरणे. आझेर कोचुलू या डेव्हलपरने ते लिहून एनपीएम या भांडारात ठेवले होते. त्याच्याच दुसऱ्या एका पॅकेजचे नाव 'किक' होते. त्याच नावाच्या कंपनीने ते मागितले. त्याने नकार दिला. भांडाराच्या चालकांनी नाव कंपनीला दिले. चिडून त्याने आपली अडीचशेहून अधिक पॅकेजेस एका फटक्यात काढून घेतली.

६/ 'बेबल'सारखी मोठी साधने या अकरा ओळींवर अवलंबून होती. तीही थेट नव्हे, मधल्या एकदोन पॅकेजांमार्फत. दुसऱ्या एकाने काही मिनिटांतच पर्यायी प्रत टाकली. पण तिचा आवृत्तिक्रमांक वेगळा होता आणि अनेकांनी जुनाच क्रमांक नेमका मागितला होता. अखेर चालकांनी जुनी आवृत्ती परत आणली. गोंधळ सुमारे अडीच तास चालला. मालकाने काढून घेतलेली गोष्ट इतरांना परत ठेवता आली, कारण तिचा परवाना मोकळा होता.

७/ दुसरी सवय : परवाना वाचा. आज्ञावली सर्वांना दिसते म्हणजे ती मुक्तस्रोत असतेच असे नाही. परवाना जोडलेला नसेल, तर सर्व हक्क लेखकाकडेच राहतात. एमआयटी आणि अपाची परवाने पुष्कळ मोकळीक देतात. जीपीएलची अट अशी की त्यावर बेतलेली आज्ञावली इतरांना वाटताना तिचा स्रोतही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. हा निर्णय पॅकेज जोडण्यापूर्वी घ्यावा. ग्राहकाला काम सोपवण्याच्या आदल्या रात्री नव्हे.

८/ तिसरी सवय : आवृत्त्यांवर मोर्तब करा. जुन्या पत्रांच्या शेवटी मोर्तब उमटवीत, जेणेकरून त्याखाली कोणी मागाहून मजकूर वाढवू नये. लॉक फाइलचे काम तेच. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'यार्न' हे साधन लॉक फाइल घेऊन आले. २०१७ मध्ये एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीनेही तिचा अंगीकार केला. प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती आणि तिच्या आशयाची अंकमुद्रा तीत नोंदलेली असते. आशयात एक अक्षर बदलले, तरी मुद्रा जुळत नाही. ही फाइल प्रकल्पाच्या भांडारात ठेवा आणि सर्व्हरवर तिच्याप्रमाणेच काटेकोर स्थापना करा.

९/ पण मोर्तब केलेला कागदही मुळातच सदोष असू शकतो. ७ एप्रिल २०१४ रोजी 'हार्टब्लीड' जगापुढे आले. वेबवरील गुप्त संवाद सांभाळणाऱ्या ओपन-एसएसएलमध्ये 'हार्टबीट' नावाची सोय होती. एका बाजूने विचारायचे, 'जागा आहेस ना? हा शब्द परत पाठव, त्याची लांबी इतकी.' दोष असा की सांगितलेली लांबी खरी आहे का, हे कोणी तपासतच नव्हते. शब्द लहान पाठवून लांबी मोठी सांगितली, की सर्व्हर आपल्या स्मृतीतील शेजारचा मजकूरही देऊन टाकी. एका खेपेस ६४ किलोबाइटपर्यंत.

१०/ त्या मजकुरात पासवर्ड असू शकत, गुप्त किल्ल्याही असू शकत. आणि चोरीचा मागमूस सहसा राहत नसे. हा दोष मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून, म्हणजे दोन वर्षे, उघड्यावर पडून होता. जगातील मोठा व्यापार ज्या आज्ञावलीवर चालत होता, तिच्या प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या मिळत सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक. स्रोत सर्वांना वाचता येतो, याचा अर्थ कोणीतरी तो वाचला आहे असा होत नाही.

११/ चौथी सवय : सुरक्षेची दुरुस्ती आली की ती त्वरित बसवा, पण तेवढ्यावर थांबू नका. हार्टब्लीडनंतर नवी आवृत्ती बसवणे हे अर्धेच काम होते. किल्ल्या बदलणे, जुनी प्रमाणपत्रे रद्द करणे आणि पासवर्ड नव्याने घेणे हे उरलेले अर्धे. कुलूप दुरुस्त केले, पण चोराकडे गेलेली किल्ली तशीच राहिली, तर काय उपयोग? डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग४जे'मधील भगदाड उघडे पडले, तेव्हा अनेक चमूंचा पहिला प्रश्न होता : हे आपण वापरतो तरी का? त्याचे उत्तर शोधण्यातच वेळ गेला. म्हणून आपल्या अवलंबनांची पूर्ण यादी हाताशी असावी.

१२/ शेवटचा प्रसंग सर्वांत विलक्षण. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक चोरदरवाजा उघडकीस आणला. दूरस्थ संगणकात प्रवेश करताना त्याला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्याने मूळ शोधले. माग पोचला 'एक्सझेड' या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांपर्यंत. अनेक लिनक्स प्रणाली हे साधन वापरतात. सुदैवाने त्या आवृत्त्या बहुतेक प्रमुख प्रणालींच्या स्थिर शाखांत अद्याप पोचल्या नव्हत्या.

१३/ हे घडले कसे? एक्सझेड अनेक वर्षे मुख्यतः लासे कोलिन हे एकटेच, विनामोबदला, सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांवरून त्यांच्यावर तगादा सुरू झाला : काम संथ आहे, दुसऱ्याला अधिकार द्या. मानसिक स्वास्थ्याच्या अडचणी आहेत आणि हे काम पगारी नव्हे, असे त्यांनी नम्रपणे लिहिलेही. 'जिया तान' या नावाने वावरणारी व्यक्ती २०२१ पासून निमूटपणे उपयुक्त दुरुस्त्या पाठवीत होती. हळूहळू अधिकार तिच्याकडे गेले. चोरदरवाजा बसवला तो त्याच नावाने. त्यामागे खरोखर कोण होते, हे आजही उघड झालेले नाही.

१४/ इतिहासाच्या अभ्यासकांना पुढचा तपशील ओळखीचा वाटेल. आपण अस्सल कागद आणि त्याची नक्कल यांत भेद करतो. चोरदरवाजा जागा करणारा दुवा सर्वांसमोरच्या मूळ स्रोतभांडारात नव्हता. तो फक्त वाटपासाठी तयार केलेल्या गठ्ठ्यात होता. अस्सल वाचणाऱ्याला तो दिसला नसता, आणि नक्कल सहसा कोणी वाचत नसे. पाचवी सवय यातूनच येते : साध्या नव्या आवृत्तीवर पहिल्याच दिवशी उडी घेऊ नका, काही दिवस थांबा. सुरक्षेची दुरुस्ती मात्र याला अपवाद. हा विवेक ठेवायचा, तर प्रत्येक आवृत्तीची बदलनोंद वाचावीच लागते.

१५/ सहावी सवय तांत्रिक नाही. माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. साधनामागच्या माणसाशी माणसासारखे वागा. एक्सझेडवरील हल्ल्याची पहिली पायरी संगणकात नव्हती. एका थकलेल्या माणसावर टाकलेल्या दडपणात होती. अशी घाई करणारे प्रामाणिक लोक रोज इतके दिसतात, की त्यांत खोटी खाती सहज मिसळून गेली. आपले उद्धट स्मरणपत्र त्याच गर्दीत भर घालते. त्याऐवजी एखादी चाचणी लिहून द्या, दस्तऐवजातील चूक सुधारा, जमल्यास थोडी देणगी द्या.

१६/ आज एवढेच करून पाहा. आपल्या प्रकल्पाची लॉक फाइल उघडा आणि कधीच न ऐकलेले एक नाव निवडा. ते कोणामार्फत आले, त्याचा परवाना कोणता, शेवटची आवृत्ती कधी निघाली, आणि ते किती जण सांभाळतात, हे शोधा. दहा मिनिटांचे काम आहे. लेफ्ट-पॅडसारखे सोपे असेल, तर त्या अकरा ओळी स्वतःच लिहून अवलंबन कमी करता येईल. एक्सझेडसारखे कठीण असेल आणि पलीकडे एकटाच माणूस दिसला, तर निदान दोन ओळींचे आभारपत्र पाठवा. कोणते नाव सापडले, ते खाली जरूर लिहा. (समाप्त)