घोडनदीकाठची नोंदवही

जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शिरूरच्या माळावर उभे राहिले की पश्चिमेकडे ढगांच्या रांगा चढताना दिसतात. पश्चिमेकडून ढग वर येताना पाहिला की पाऊस येणार, हे प्रभू येशूच्या श्रोत्यांनाही ठाऊक होते. संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभूने त्यांना त्यावरूनच टोकले आहे : आभाळाचे रूप तुम्हाला ओळखता येते, मग चालू काळ का ओळखता येत नाही? आमच्या शिरूर-दौंडकडे मात्र पश्चिमेचा ढगही पुष्कळदा फसवतो. त्याचे बहुतेक पाणी सह्याद्रीच रिते करून घेतो आणि माथ्यावरून पुढे सरकतो तो उरलासुरला ढग. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसावर या दोन तालुक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केला. पाऊस जितका बेभरवशाचा, तितके निरीक्षण अधिक सूक्ष्म, हा या भूमीचा नियम होता. त्या निरीक्षणाचा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो.

शेतकऱ्याची नोंदवही कागदाची नव्हती. रोहिणीचा शिडकावा झाला की नाही, मृगाचा तांबडा मखमली किडा बांधावर कधी दिसला, पावशाने 'पेरते व्हा' ची हाक कधी दिली, टिटवीने अंडी खोलगट जागी घातली की उंचवट्यावर, या साऱ्यांवरून तो अंदाज बांधी. हस्ताचा पाऊस हा रब्बीचा प्राण. तो झाला की शाळूची पेरणी, आणि पौषात शेकोटीभोवती हुरडा. बाभळीला शेंगा किती आल्या, बोरी किती लगडल्या, तरवड कसा फुलला, कुसळाखालचे मारवेल गवत किती टिकले, याची आठवण घरातील वडीलधाऱ्यांच्या जिभेवर असे. यांतले काही ठोकताळे खरे ठरत, काही खोटे. पण रोज डोळे उघडे ठेवून पाहण्याची शिस्त त्यांनी लावली, हे त्यांचे मोठेच देणे होय.

या मुलखाची पहिली मोठी लेखी नोंद मात्र एका परक्या सैनिकाच्या हातून झाली. शिरूर अथवा घोडनदी ही त्या काळी इंग्रजांची लष्करी छावणी. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी येथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावची प्रसिद्ध लढाई झाली. पेशवाई संपल्यावर, १८२४ साली, मुंबई सरकारने विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. खडकीच्या लढाईत लढलेला हा माणूस आता वायुभारमापक, तापमापक आणि वही घेऊन गावोगाव तंबू ठोकू लागला. लोकसंख्या, जमिनीची प्रतवारी आणि शेतसारा यांची मोजदाद हे त्याचे सरकारी काम. पण त्याच फेरीत त्याने पशू, पक्षी, मासे आणि हवामान यांचीही मोजदाद केली. १८२९ साली काटकसरीसाठी सरकारने ते पदच रद्द केले, तेव्हा रजा घेऊन त्याने हाती घेतलेले काम पूर्णत्वास नेले. स्वतःच्या वहीशी इतके इमान राखणारा माणूस आमच्या आदरास पात्र आहे, मग त्याचे सरकार कोणाचेही असो.

त्याने काय पाहिले? प्रथम हवा. दख्खनमध्ये वायुभारमापकाचा पारा रोज ठरलेल्या वेळी चढतो आणि ठरलेल्या वेळी उतरतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तो उंच असतो, तर दुपारी चार-पाचला खाली येतो. पाऊस असो, वादळ असो, कडक ऊन असो, स्वतः घेतलेल्या हजारो नोंदींत या क्रमाला एकही अपवाद आढळला नाही, असे त्याने लिहून ठेवले. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत त्याचा हा निबंध छापला गेला. समुद्राला जशी भरती-ओहोटी, तशीच ती आपल्या माथ्यावरच्या हवेलाही असते. ही गोष्ट नांगर धरणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही, पण घडते रोज त्याच्याच शेतावर.

मग प्राणी. आज साऱ्या जगातील शास्त्रज्ञ भारतीय लांडग्याला 'पॅलिपेस' या नावाने ओळखतात. ते नाव साईक्सने १८३१ साली दख्खनच्या लांडग्यावरून दिले. कोळसुंदा अर्थात रानकुत्रा, यालाही त्याने 'दख्खनचा' असे नाव दिले. पुढील वर्षी त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. या याद्यांमधून छप्पन्न जाती शास्त्राला प्रथमच परिचित झाल्या. तळ्याकाठी अंग चोरून उभी राहणारी, उडताच पांढरेशुभ्र पंख दाखवणारी ढोकरी त्यांतलीच. माळावर शेंडी मिरवणाऱ्या एका छोट्या चंडोलाला आजही साईक्सचे नाव आहे, आणि त्याच्या शास्त्रीय नावात 'देवा' हा शब्द आहे. ओसाड म्हणून हिणवल्या गेलेल्या माळावरच्या मूठभर पक्ष्याच्या नावात असा शब्द यावा, हे आम्हाला फार बोलके वाटते.

आणि मासे! त्याने दख्खनच्या ४६ जातींच्या माशांचे वर्णन केले. ते १८३९ साली प्रसिद्ध झाले. दौंडकडे वाहत जाणाऱ्या मुळा-मुठेच्या पुण्यापूर्वेकडील पात्रातून त्याने जो 'खडशी' मासा वर्णिला, त्याचे शास्त्रीय नाव आजही 'खुद्री' असेच आहे. दुसऱ्या एका माशाच्या शास्त्रीय नावात 'मुसुल्ला' हा शब्द आहे. त्याचे मूळ ठिकाण म्हणून नोंदवले गेले ते आमच्या शिरूरची घोडनदी. 'कोळस', 'फुलंगी' अशी कितीतरी नावे त्याने लॅटिनच्या पंक्तीला नेऊन बसवली. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात या माशांच्या बरण्यांवर आपल्या भोई-कोळ्यांच्या तोंडची नावे चिकटवलेली असतात.

येथे आम्हाला थांबावेसे वाटते. ही नावे साईक्सला कोणी सांगितली? तो यॉर्कशायरचा, इथली भाषा त्याला पुढे शिकावी लागली. लांडगा कोणत्या ओढ्याने उतरतो हे धनगराने सांगितले असणार, खडशी कोणत्या डोहात राहते हे जाळे टाकणाऱ्याने. याद्यांमध्ये नावे राहिली, पण ती सांगणारी माणसे मात्र आढळत नाहीत. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर सर्व प्राणी आदामासमोर आणतो आणि तो त्यांना काय नावे देतो ते पाहतो. नाव देणे म्हणजे आधी नीट पाहणे. ते पाहणे आमच्या पूर्वजांनी केले होते. परंतु लिहून ठेवणे हाही पाहण्याचाच अर्धा भाग आहे, आणि तो आम्ही दुसऱ्यावर सोडला, हे कबूल केले पाहिजे.

शिरूरच्याच मातीतली आणखी एक हकिकत या संदर्भात आठवते. १८०९ साली कर्नल विल्यम वॉलेस हा अधिकारी येथे मरण पावला. छावणी पुढे उठली, पण त्याची कबर राहिली आणि आसपासचे लोक त्याला 'सत्पुरुष' मानू लागले. सुगी आली की नव्या धान्याचा नैवेद्य त्या कबरीवर ठेवण्याची चाल पडली होती, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये आहे. ख्रिस्ती माणसाच्या कबरीपाशी हिंदू शेतकऱ्याने पहिली कणसे ठेवावीत, यात श्रद्धेचा भाग आहेच. पण त्याहून खोल अशी एक जाणीव आहे : पीक आपल्या एकट्याच्या कष्टाचे नसते. जुन्या करारात पहिल्या पेंढीचे अर्पण सांगितले आहे ते याच जाणिवेने. आपल्याही अनेक धर्मग्रामांत पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास नव्या पिकाला आशीर्वाद दिला जातो तो याचसाठी.

साईक्सच्या वहीशी आजचा माळ ताडून पाहिला तर मन विषण्ण होते. त्याच्या यादीत चित्ता आहे. भारतातून तो नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले, आणि २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणलेले चित्ते मध्य प्रदेशात सोडावे लागले. त्याच्या यादीत माळढोक आहे. घोडनदीपलीकडच्या नगर जिल्ह्यात मॅन्सफिल्ड नावाच्या एका शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. पुढे १९७९ साली सोलापूर-नगरच्या माळावर माळढोकासाठी अभयारण्य करावे लागले, आणि आता तिथेही त्याचे दर्शन दुर्लभ झाले आहे. एका माणसाच्या बंदुकीने जितके पक्षी टिपले, तितके आज साऱ्या देशात मिळून नाहीत.

बंदुकीने जे राहिले ते पाण्याने बदलले. हे लिहिताना आम्ही पाण्याला दोष देत नाही. १८७६-७७ चा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ ज्या मुलखाने सोसला, त्याला कालव्याचे पाणी ही कृपाच होती. घोड, कुकडी, चासकमान यांच्या पाण्याने बाजरी-शाळूच्या रानात ऊस उभा राहिला. भीमेवर १९८० साली उजनीचे धरण झाले आणि त्याच्या फुगवट्यावर, दौंडच्या खालच्या अंगाला भिगवणकडे, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरू लागले. पण त्याच जलाशयात आज परदेशातून आलेल्या तिलापिया माशाचे राज्य आहे, आणि साईक्सने वर्णिलेले कित्येक देशी मासे शोधावे लागतात.

उसाबरोबर बिबट्या आला. दाट, ओलसर, बारा महिने उभे राहणारे उसाचे रान त्याला जंगलासारखेच वाटले. मादी उसातच पिले देऊ लागली. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवर हल्ले वाढले. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्याने प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो, असे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून दिसून आले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेडच्या परिसरात लहान मुलांसह माणसे दगावली आणि लोकांचा संताप रस्त्यावर आला. ज्या आईचे लेकरू गेले तिला निसर्गाच्या समतोलाचे धडे कोणी देऊ नयेत. मात्र ओल्या वाटेवर आज कोणाचे ठसे आहेत, कुत्री रात्री कोणत्या बाजूला तोंड करून भुंकली, कोणत्या फडाची तोड कधी आहे, हे शेतावरच्या माणसाने पाहणे आणि शेजाऱ्याला सांगणे ही आता केवळ हौस उरलेली नाही. तो जिवाचा प्रश्न झाला आहे.

निसर्ग निरखणे ही आपल्या ख्रिस्तसभेला नवी गोष्ट नाही. येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी मुंबई इलाख्यातील गवतांपासून नेच्यांपर्यंत सारे अभ्यासले आणि आयुष्याच्या अखेरीस पाचगणीत धर्मगुरू म्हणून सेवा केली. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह सेंट झेवियर्स महाविद्यालयात आहे. फादर सांतापाव यांनी खंडाळ्याची आणि आपल्या शेजारच्या पुरंदरची वनस्पतिसंपदा ग्रंथबद्ध केली. १९४८ साली भारतात आलेले फादर हर्मन बाखर नगर जिल्ह्याच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर उतार आणि ओहोळ न्याहाळत हिंडले, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याची चळवळ त्यांनी गावकऱ्यांच्या हाती दिली. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकातून पृथ्वी हे आपले सामायिक घर आहे असे सांगितले, तेव्हा आमच्या मनात या तिघांच्या वह्या उभ्या राहिल्या.

आम्हाला वाटते, प्रत्येक धर्मग्रामात अशी एक वही असावी. दोनशे पानी, साधी. पहिला पाऊस कधी पडला, किती पडला. पावशा कधी ओरडला. मोहोर कधी आला, कधी गळाला. विहिरीचे पाणी किती हात खाली गेले. नदीत कोणता मासा मिळाला, कोणता कित्येक वर्षांत मिळाला नाही. लांडगा दिसला का, बिबट्याचा माग कुठे होता. शाळकरी मुलांनी लिहावे आणि आजी-आजोबांनी सांगावे. सांगणाऱ्याचे नाव पानावर आवर्जून घालावे. साईक्सच्या वहीत राहून गेलेली उणीव आपण भरून काढू. आपली पुष्कळ मुले आता रांजणगावच्या कारखान्यांत पाळीवर जातात. त्यांना पश्चिमेचा ढग ओळखता येईल की नाही, हे या वहीवर अवलंबून आहे.

आणि सुगीच्या मिस्साबलिदानात नव्या कणसांबरोबर ही वहीही वेदीपाशी ठेवावी. वर्षभर जे नीट पाहिले, तेही एक पहिले फळच आहे.