रुग्णशय्येभोवतीचे कुटुंब : ‘श्यामची आई’ ते ‘व्हेंटिलेटर’

प्रस्तावना

घरातील एखादी व्यक्ती असाध्य आजाराने अंथरुणाला खिळते आणि दुरावलेले कुटुंब तिच्या निमित्ताने एकत्र येते, ही कथावस्तू चित्रपटसृष्टीला नवी नाही. तिचा विचार बहुधा भावनाप्रधानतेच्या अंगाने केला जातो. परंतु असा समेट घडून येण्यास काही अवधी लागतो आणि तो किती मिळणार, हे त्या त्या काळातील वैद्यकशास्त्रावर अवलंबून असते. प्रस्तुत निबंधात तीन मराठी चित्रपटांच्या आधारे या अवधीचा मागोवा घेतला आहे.

राहून गेलेली भेट

आचार्य प्र. के. अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट १९५३ साली प्रदर्शित झाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीच्या पहिल्याच राष्ट्रपती सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले पुस्तक हा त्याचा आधार होय. पुस्तकातील आई कर्ज, जप्ती व अपमान सोसत खंगते. शिक्षणासाठी दूर राहिलेला श्याम घरी पोहोचतो तेव्हा ती या जगात नसते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कोकणातील खेड्यात आजारी माणूस घरातच पडून राही. प्रतिजैविके नव्हती, प्रवास संथ होता आणि निरोप उशिरा पोहोचे. त्यामुळे आईशी बोलावयाचे राहून गेले ते कायमचेच. श्यामच्या सर्व आठवणींना या राहून गेलेल्या भेटीची किनार आहे.

एका दिवसाची मुदत

त्यानंतर अर्धशतकाने संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ (२००४) या चित्रपटाला ५१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही त्याची निवड झाली. कोकणातील आजोबा (अरुण नलावडे) नातवाला, परशुरामला (अश्विन चितळे), उपचारासाठी पुण्यास आणतात. त्याच्या डोळ्यांना कर्करोग झाला असून शस्त्रक्रियेने जीव वाचेल, मात्र दृष्टी जाईल, असे निदान होते. येथे मृत्यू टळतो, पण त्याची किंमत कोणी ठरवावी आणि मुलाला सत्य कोणी सांगावे, हा भार आजोबांवर येऊन पडतो. शस्त्रक्रियेपूर्वी ते नातवाला रुग्णालयाबाहेर नेतात आणि डोळे शाबूत असेतो त्याला जग दाखवितात. वैद्यकशास्त्राने दिलेली मुदत एका दिवसाची आहे. आजोबा व नातू यांच्यात दुरावा नव्हताच. तरीही सत्य लपविल्याने निर्माण झालेले अंतर त्या दिवसात मिटते.

यंत्राने लांबविलेला काळ

राजेश मापुसकर यांचा ‘व्हेंटिलेटर’ ४ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शन, संकलन आणि ध्वनिमिश्रण या तीन विभागांत त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. गणेशोत्सव तोंडावर असताना कामेरकर कुटुंबातील ज्येष्ठ गजूकाका मुंबईच्या रुग्णालयात कृत्रिम श्वासयंत्रावर आहेत. मुंबईतील व कोकणातील नातलग जमतात. सुतकाची चिंता, मानापमान, जुने हेवेदावे आणि विनोद हे सारे रुग्णालयाच्या आवारातच घडते. गजूकाकांचा मुलगा प्रसन्न (जितेंद्र जोशी) वडिलांपासून मनाने दुरावलेला आहे. चित्रपट-दिग्दर्शक असलेल्या राजाचेही (आशुतोष गोवारीकर) आपल्या वडिलांशी (सतीश आळेकर) फारसे जमत नाही.

या कथेचा खरा सूत्रधार ते यंत्रच आहे. १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी बसवून रुग्णांना श्वास पुरविण्याची पद्धत अवलंबिली. यंत्रे अपुरी असल्याने वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हातांनी पिशवी दाबून रुग्ण जगविले. या अनुभवातून अतिदक्षता विभागाची संकल्पना आकारास आली. जीवन व मृत्यू यांच्यामधील क्षण आता दिवसांचा, प्रसंगी आठवड्यांचा झाला. मात्र या अवधीत रुग्ण बहुधा बोलू शकत नाही. देनी आर्काँ यांच्या ‘द बार्बेरियन इन्व्हेजन्स’ (२००३) या कॅनेडियन चित्रपटातील मरणोन्मुख पिता मुलाशी वाद घालतो, हसतो, निरोप घेतो. गजूकाका मात्र निपचित आहेत. प्रसन्नला क्षमा मागण्यास वेळ मिळतो, पण उत्तर मिळत नाही. त्यामुळे त्याचा समेट वडिलांपेक्षा वडिलांच्या स्मृतीशी अधिक होतो.

निर्णयाचा भार

यंत्र केव्हा काढावे, हा प्रश्नही याच काळात सार्वजनिक चर्चेत आला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत तेथेच अचेतनप्राय अवस्थेत होत्या. त्यांच्या संदर्भातील २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जीवनाधार काढण्यास उच्च न्यायालयाच्या अनुमतीची अट घातली. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क व पूर्वलिखित वैद्यकीय निर्देश यांना मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ करण्यात आली. ‘व्हेंटिलेटर’ या दोन निकालांच्या मधल्या काळातील आहे. कायद्याची वाट तेव्हा बिकट होती. चित्रपटात मात्र हा प्रश्न कुटुंबाच्याच अंगणात राहतो.

समारोप

तीन चित्रपटांतून समेटाचा अवधी वाढत गेलेला दिसतो. त्याबरोबर कुटुंबावरील निर्णयाचा भारही वाढला. हा अवधी सर्वांच्या वाट्याला मात्र सारखा येत नाही. भीमाशंकरच्या डोंगरातील वाडीवस्तीवरून अत्यवस्थ रुग्णाला घोडेगाव, मंचर आणि पुढे पुण्याकडे न्यावे लागते. तेथे अतिदक्षता विभागातील प्रत्येक दिवसाचा हिशेब आप्तांना मनात मांडावा लागतो. कामेरकरांना भांडण्यास व भांडण मिटविण्यास जे दिवस मिळाले, ते अशा कुटुंबांना सहजी मिळत नाहीत. श्यामची राहून गेलेली भेट म्हणूनच केवळ इतिहासजमा झालेली नाही. मरणाच्या दारातील समेटाचा अभ्यास करताना या विषमतेची नोंद घेणे आवश्यक ठरते.